फूड सिस्टीमचा ऑनलाइन कोर्स: सर्टिफिकेट मिळालं, पुढे काय?

गेल्या अंकात एका वाचकाने आफ्रिकेतल्या शेती आणि अन्न क्षेत्रातल्या नोकऱ्यांबद्दल विचारलं होतं, आणि मी उत्तरात सहज लिहून गेले की तिकडे जायच्या आधी फूड सिस्टीमचं, म्हणजे शेतापासून ताटापर्यंतच्या सगळ्या साखळीचं, एखादं ऑनलाइन ट्रेनिंग करून टाका. झालं, त्या एका ओळीवर इतक्या मेल आल्या की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं छापलेली नाहीत कारण दोघातिघांनी आपापल्या ऑफिसबद्दल जरा मोकळेपणाने लिहिलंय. लांब पत्रांना कात्री लावलीय, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी नैरोबीत एका बियाणं कंपनीत आहे, शिक्षणही ॲग्रीचंच. आमच्या कंट्री हेडने फर्मान काढलंय की यावर्षी सगळ्यांनी फूड सिस्टीमचा एक ऑनलाइन कोर्स करायचा. मी दोन-तीन उघडून बघितले तर सगळीकडे पहिल्या मॉड्यूलमध्ये तेच गोल गोल बाणांचं चित्र. सरळ शेती म्हणा ना, हे नवीन फॅड कशाला? आणि करायचाच झाला तर कुठला करू?

उत्तर: त्या गोल बाणांच्या चित्राला मीही वैतागलेली आहे, ते मॉड्यूल खुशाल पुढे ढकला, काही अडत नाही. पण फॅड म्हणून सोडून देऊ नका. बघा, २००३ मध्ये मापुतोला आफ्रिकन युनियनच्या देशांनी ठरवलं की सरकारी बजेटचे निदान १० टक्के शेतीला द्यायचे. मग २०१४ मध्ये मलाबोला आणखी मोठे वायदे झाले, २०२५ पर्यंत भूक संपवायची, काढणीनंतरची नासाडी निम्म्यावर आणायची, आफ्रिकी देशांचा आपसातला शेतमालाचा व्यापार तिप्पट करायचा. दर दोन वर्षांनी सगळ्यांसमोर हिशोब मांडायचा असंही ठरलं आणि तो खरोखर मांडला जातो, हे कौतुकाचंच आहे, पण चौथ्या हिशोबात एकही देश ठरल्या वाटेवर नव्हता. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये युगांडातल्या कंपालाला नवा जाहीरनामा झाला, २०२६ ते २०३५ साठीचा, आणि यावेळी शेतीबरोबर प्रक्रिया, व्यापार, पोषण हे सगळं एकाच आराखड्यात घेतलंय.

का घेतलं, तर पीक वाढलं की ताट भरतं असं होत नाही म्हणून. यूएनच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली आफ्रिकेत साधारण ३० कोटी ७० लाख लोक उपाशी होते, आणि त्याच अहवालात सकस आहार परवडत नाही अशा लोकांचा आकडा १०० कोटींच्या वर आहे. म्हणजे मधले जवळजवळ सत्तर कोटी लोक असे आहेत की पोटात मक्याच्या पिठाची उगाली किंवा कसावा कंदाची गारी पडते, पण डाळ, अंडं, दूध, फळ रोज पडत नाही. यांचा प्रश्न तुमच्या नुसत्या बियाण्याने सुटणार नाही हे तुम्हालाही माहितीय.

तुम्ही केनियातच आहात तर २००४ चं प्रकरण ऑफिसातल्या जुन्या माणसांना विचारा. मकुएनी, किटुई भागात ओलसर साठवलेल्या मक्यात बुरशी धरली, त्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार झालं, ३१७ जण आजारी पडले आणि त्यातले १२५ गेले. मका घरात होता, तरी माणसं गेली. अशा ठिकाणी बियाणेवाला एकरी पोती मोजतो, आरोग्य खात्यातला माणूस लिव्हर तपासतो, विकणाऱ्याला ओला माल वजनाला बरा पडतो, गोदामवाला म्हणतो माझं काम पोती रचायचं, आणि हे चौघं जन्मात एका टेबलावर बसत नाहीत. माझ्या मते फूड सिस्टीमचा कोर्स चांगला की वाईट हे यावरूनच ठरतं, या चौघांना तो एकत्र बसवतो का, मग भले स्क्रीनवर का होईना.

आता कुठला. सुरुवातीला खिशातला एक शिलिंग घालवू नका. यूएनच्या अन्न आणि शेती संघटनेची, म्हणजे एफएओची, ई-लर्निंग अकॅडमी फुकट आहे, आपल्या सवडीने करता येते, इंग्रजीशिवाय फ्रेंच वगैरे भाषांतही बरंच आहे, परीक्षा पास झालात की डिजिटल बॅज मिळतो, कंट्री हेड खूश. यूएन सीसी लर्न या यूएनच्याच साइटवर हवामानबदल आणि आहाराचे कोर्स आहेत, तेही फुकट. एवढ्यात एक मांडणी मात्र नीट डोक्यात बसवा, पुरवठा साखळी, माणसाच्या आजूबाजूला काय मिळतं आणि काय भावाने मिळतं तो बाजार, आणि त्यातून तो काय उचलतो ते त्याचं वागणं, हे तीन भाग. २०१७ च्या एचएलपीई (यूएनच्या अन्नसुरक्षा समितीचं तज्ज्ञ मंडळ) अहवालातून हे आलं आणि नंतरचे बरेच कोर्स याच्याच खांद्यावर उभे आहेत.

त्यापुढे खरं शिकायचं असेल तर टीमवाला कार्यक्रम बघा. आग्रा म्हणून संस्था आहे (ताजमहालवालं नव्हे, २००६ ची, मुख्यालय तुमच्या नैरोबीतच), तिने २०२१ मध्ये शेतीतल्या नेतृत्वासाठी एक केंद्र सुरू केलं. केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, इथिओपिया, मलावी, घाना, नायजेरिया या आठ देशांतली सरकारी, खासगी आणि सामाजिक संस्थांतली माणसं एकत्र, सोळा महिन्यांचा कार्यक्रम, थोडा समोरासमोर बाकी ऑनलाइन, आणि मधल्या काळात आपल्याच देशातला एक खरा अडलेला प्रश्न टीमने हातात घ्यायचा. हा शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कुठल्याही कोर्सचे पैसे भरायच्या आधी त्यांना एक मेल टाका, की दोन सेशनच्या मधे मला काय करायला लावणार आणि कोणाबरोबर? "वाचन साहित्य दिलं जाईल" असं उत्तर आलं तर राहू द्या.

प्रश्न: मॅडम, शेती खात्यात सगळी नोकरी गेली, आता रिटायर आहे, तुमचं सदर नेमाने वाचतो. आफ्रिकेतला शेतकरी शेतात, नेटचा पत्ता नाही, वीज येते-जाते, आणि त्याला हे ऑनलाइन ट्रेनिंग देणार! परदेशी पैसा जिरवायचा धंदा वाटतो. चुकत असेन तर सांगा.

उत्तर: काका, अर्धं बरोबर आहे तुमचं. आयटीयू या यूएनच्या दूरसंचार संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये आफ्रिकेत ३८ टक्के लोक इंटरनेट वापरत होते, जगाची सरासरी ६८. गावात आणि बायकांमध्ये त्याहून कमी. त्यामुळे शेतकऱ्याला झूमवर बसवणारा प्रकल्प कोणी दाखवला तर माझ्याही कपाळाला आठ्या पडतात.

पण हे कोर्स शेतकऱ्यासाठी नसतातच मुळी. ते असतात मधल्या माणसांसाठी, जिल्ह्याचा शेती अधिकारी, पोषण कार्यक्रम बघणारी नर्स, सहकारी संस्थेचा मॅनेजर, अर्थ खात्यातला बजेट लिहिणारा, बाजार समितीचा माणूस. बऱ्याच देशांत एका विस्तार कर्मचाऱ्याच्या (गावोगाव शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या माणसाच्या) वाट्याला हजाराच्या वर शेतकरी येतात, मोटरसायकलला पेट्रोल मिळालं तर मिळालं, आणि त्याला नोकरीला लागल्यावर नवीन काही शिकवायला कोणी बोलावतच नाही, राजधानीत कार्यशाळा झाली तर साहेबच जातात आणि भत्ता घेऊन येतात. तुम्ही खात्यात होतात, मी जास्त सांगत नाही.

या माणसाला फोनवर काय शिकवता येतं ते एक उदाहरण देते. मक्याचा ओलावा मोजायचं मशीन महाग, गावात असतं कुठे. तर एक कोरडी काचेची बरणी घ्यायची, तिच्यात थोडं कोरडं मीठ, वर थोडे मक्याचे दाणे, झाकण घट्ट लावून दोन-तीन मिनिटं चांगलं हलवायचं आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवून द्यायची. मीठ काचेला चिकटून राहिलं की समजायचं दाणा अजून ओला आहे, परत उन्हात घाला. मीठ खाली मोकळं पडलं तर साठवायला हरकत नाही. पूर्व आफ्रिकेत विस्तारवाले हे दाखवतात. दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ, एकदा डाउनलोड केला की नेट लागत नाही, ब्लूटूथने या फोनवरून त्या फोनवर जातो, आणि २००४ सारखं प्रकरण टाळायची सुरुवात अशा बरणीपासून होते.

असे व्हिडिओ बनवणाऱ्या संस्था आहेत. ॲक्सेस ॲग्रिकल्चरचे व्हिडिओ शंभरावर भाषांत आहेत आणि त्यात शास्त्रज्ञ कमी बोलतात, शेतकरी जास्त, शिवाय सोलरवर चालणारा प्रोजेक्टर घेऊन गावोगाव दाखवणारे तरुण त्यांनी तयार केलेत. सॉबो नावाचा प्रकल्प अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला, ते ॲनिमेशन करतात, चित्र तेच ठेवून आवाज बदलायचा, हौसा, स्वाहिली, जी हवी ती भाषा. मोझांबिकमध्ये घेवड्याच्या साठवणुकीवर याचा अभ्यास झाला तेव्हा ॲनिमेशन बघून शिकलेले लोक विस्तार कर्मचाऱ्याकडून शिकलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. म्हणजे कर्मचारी नको असं नाही हां काका, बरणी हातात धरून दाखवणारा लागतोच.

प्रश्न: ताई, मी झांबियातल्या लुसाकात एका एनजीओत ट्रेनिंग बघते. झांबिया, मोझांबिक, टांझानिया, इथिओपिया, नायजेरिया, सेनेगल अशा सहा देशांतल्या लोकांसाठी आमचा फूड सिस्टीमचा ऑनलाइन कोर्स आहे. पहिल्या सेशनला स्क्रीन भरून जाते, चौथ्यापर्यंत मूठभर उरतात, तेही कॅमेरे बंद करून, प्रश्न विचारला की स्मशानशांतता. डोनरचं म्हणणं विषय ड्राय आहे, ॲनिमेशन आणि क्विझ वाढवा. मला ते पटत नाही पण उत्तरही सुचत नाही.

उत्तर: तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे, क्विझ वाढवून कोणी थांबत नाही. फुकटच्या मोठ्या ऑनलाइन कोर्समध्ये शेवटपर्यंत जाणारे जगभर थोडेच असतात, ते एक असो, पण तुमची माणसं नोकरीतली आहेत, त्यांना कोर्स हवाय म्हणून तर पहिल्या दिवशी आली. मग गेली कुठे ते शोधायला पाहिजे.

आधी घड्याळ बघा, हसू नका. तुमचे सकाळचे दहा म्हणजे सेनेगलच्या डाकारला आठ, नायजेरियाच्या लागोसला नऊ, इथिओपियाच्या अदिसला आणि टांझानियाच्या दार-एस-सलामला अकरा. इथपर्यंत सगळे करतात. पण इथिओपियात आणि स्वाहिली बोलणाऱ्या भागात लोक तास मोजतात सूर्योदयापासून, त्यांच्या बोलण्यात सकाळचे अकरा म्हणजे पाच. तुम्ही ग्रुपवर नुसतं "गुरुवारी ११ वाजता" टाकलंत तर अदिसजवळच्या एखाद्या जिल्ह्यातला अधिकारी संध्याकाळी पाचला लिंक उघडतो आणि समोर कोणी नाही. त्याला वाटतं कोर्स रद्द झाला, तुम्हाला वाटतं त्याला रस नाही. त्यात इथिओपियाचं कॅलेंडरही वेगळं, तेरा महिन्यांचं. प्रत्येक देशाच्या लोकांना त्यांच्या हिशोबाची वेळ वेगळी लिहून पाठवा, "सकाळी" हा शब्दही घाला. शुक्रवारी दुपार ठेवू नका, डाकारचे आणि उत्तर नायजेरियातले लोक जुम्म्याच्या नमाजाला असतात.

दुसरं, डेटा. ग्रुप व्हिडिओ कॉल तासाला अर्धा जीबी, एक जीबी सहज खातो, आणि हा डेटा बहुतेकांच्या स्वतःच्या पैशातला असतो कारण ऑफिसचं वायफाय साहेबांच्या केबिनपर्यंतच. कॅमेरा बंद असतो तो त्यामुळे, त्याला उद्धटपणा समजू नका आणि "प्लीज कॅमेरे ऑन करा" हे सारखं म्हणणंही बंद करा. डेटाचे पैसे कोर्सच्या बजेटमधून सेशनच्या आदल्या दिवशी मोबाईलवर द्या, "नंतर बिल पाठवा" अजिबात नको, बिल पाठवायला कोणाला वेळ आहे. आणि नेट जाणारच हे धरून चाला. मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तर घाना, नायजेरिया, लायबेरिया, बेनिन सगळीकडे नेट बसलं, मे महिन्यात पूर्वेकडच्या केबलचं तसंच झालं. ज्या कोर्सचा जीव फक्त लाइव्ह सेशनमध्ये असतो तो अशा आठवड्यात मरतो. बऱ्याच देशांत व्हॉट्सअॅपचे वेगळे स्वस्त पॅक मिळतात, म्हणून खरा वर्ग व्हॉट्सअॅपवर हलवा, तीन मिनिटांचा आवाजी मेसेज, एक फोटो, एक प्रश्न, आणि लाइव्ह सेशन पंधरवड्यातून एकदा, तेही फक्त भांडायला. हो, भांडायलाच, माहिती वाचून होते.

भांडण कसं लावायचं ते सांगते. नायजेरियातला टोमॅटो घ्या. कानोहून लागोसच्या माइल ट्वेल्व्ह बाजारापर्यंत साधारण हजार किलोमीटर, ताडाच्या पात्यांनी विणलेल्या टोपल्या, त्या वरपर्यंत दाबून भरलेल्या, ट्रकमध्ये एकावर एक रचलेल्या, वर ऊन आणि खाली खड्डे. सगळ्यात खालच्या टोपलीतल्या टोमॅटोचा लागोस येईपर्यंत रस्सा झालेला असतो. आता वर्गाला विचारा, प्लास्टिकचे क्रेट का नाही वापरत? पहिलं उत्तर सगळीकडे ठरलेलं, अवेअरनेस नाही, लोकांना शिकवा. छान म्हणा, आणि सांगा की पुढच्या पंधरा दिवसांत प्रत्येकाने आपल्या देशातल्या बाजारातल्या एका माणसाशी बोलून यायचं, एकाने ट्रकवाल्याशी, एकाने हमालाशी, एकाने बाजारातल्या संघटनेच्या माणसाशी, एकाने टोपल्या विणणाऱ्याशी, एकाने ठेचलेला माल घेणाऱ्या खानावळवालीशी.

मग बघा काय काय घेऊन येतात. टोपली एकदा वापरून टाकून देता येते, क्रेट रिकामा परत पाठवावा लागतो, त्या परतीच्या जागेचं भाडं कोण देणार? भाव ठरतो टोपलीवर आणि टोपली वर ढीग करून भरता येते, क्रेटमध्ये ढीग होत नाही, मग क्रेटचा भाव काय धरायचा? क्रेट हरवला तर तो कोणाचा? टोपल्या विणणाऱ्या गावाचं काय? आणि सगळ्यात अवघड, ठेचलेला टोमॅटो फेकला जात नाही, तो स्वस्तात विकला जातो, गरीब घरातली आणि टपरीवरची चटणी त्याचीच होते. नासाडी थांबवलीत तर त्या खानावळवालीला स्वस्त टोमॅटो कुठून? या प्रश्नावर शेती खातं, आरोग्य खातं आणि व्यापार खातं यांची माणसं तिघं तीन बाजूंनी तुटून पडतात, आणि कॅमेरे आपोआप चालू होतात, मी बघितलंय. नायजेरियात क्रेट चालवायचे प्रयत्न झालेत, काही ठिकाणी चाललेही, पण जिथे परतीचा हिशोब कोणीतरी बसवला तिथेच.

आणखी दोन गोष्टी. ऑनलाइन ट्रेनिंगला बसलेला माणूस ऑफिसात "रिकामा" दिसतो, साहेब येऊन फाइल समोर ठेवतात. प्रत्यक्ष कार्यशाळेला निदान रजा मंजूर असते. म्हणून प्रवेशाच्या वेळीच साहेबाची सही घ्या की गुरुवारी सकाळी दोन तास हा माणूस नाही. आणि बायकांना विचारून वेळ ठरवा, संध्याकाळची वेळ "सगळ्यांना सोयीची" असं पुरुष ठरवतात आणि ती स्वयंपाकाची असते. मोझांबिक आणि सेनेगलच्या लोकांसाठी पोर्तुगीज आणि फ्रेंचमध्ये छोटे गट हवेतच, नाहीतर ते सहा महिने फक्त मान डोलावतील. डोनरला सांगा ॲनिमेशनचे पैसे या दुभाष्यांना आणि डेटाला द्या.

प्रश्न: ताई, एमएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आफ्रिकेत फूड सिक्युरिटीमध्ये काम करायचंय. ऑनलाइन सर्टिफिकेट भरपूर जमवलीत, सगळी लिंक्डइनवर टाकलीत, पण एक इंटरव्ह्यू कॉल नाही. अजून कुठले करू?

उत्तर: एकही करू नकोस. आफ्रिका हा एक देश नाही हे तुला माहिती असणार, पण तुझ्या प्रोफाइलवरून ते दिसत नसेल. एक देश पकड, त्यातलं एक पीक किंवा एक साखळी पकड. समजा इथिओपियातला टेफ (तिकडचं बारीक धान्य), किंवा घानातला टोमॅटो, किंवा युगांडातलं दूध. २०२१ च्या यूएन फूड सिस्टीम्स समिटच्या निमित्ताने शंभरावर देशांनी आपापले पाथवे, म्हणजे आराखडे लिहिलेत, ते सगळ्यांना वाचायला खुले आहेत. तुझ्या देशाचा आराखडा घे, त्यात तुझ्या साखळीबद्दल काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय यावर दोन पानं लिही, आकडे तपासून. ती दोन पानं नोकरीच्या अर्जाला जोड. फ्रेंच नाहीतर स्वाहिली शिकायला लाग, रोज अर्धा तास. आणि कंपालाच्या माकेरेरे विद्यापीठात सचिवालय असलेलं रुफोरम म्हणून विद्यापीठांचं जाळं आहे, दीडशेच्या वर विद्यापीठं आहेत त्यात, तिथल्या तुझ्या विषयातल्या एखाद्या प्राध्यापकाला ती दोन पानं पाठवून बघ. उत्तर येईलच असं नाही. पण तुला कळेल काय येतं आणि काय येत नाही.

प्रश्न: मी कंपालात पोषण विषयात काम करते. आमच्या संस्थेने जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्यांसाठी ऑनलाइन ट्रेनिंग घेतलं, छान झालं असं मला वाटतं, पण वरून विचारतात इम्पॅक्ट काय ते आकड्यात दाखवा. आम्ही आधी आणि नंतर टेस्ट घेतली, मार्क वाढलेत. एवढं पुरेल का?

उत्तर: रिपोर्टपुरतं पुरेल. पण मनाला पुरत नाहीये म्हणून तर तुम्ही लिहिलंत. कोर्स संपल्यावर लगेच टेस्ट घेतली की मार्क वाढतातच, त्यात काय.

मला विचाराल तर सहा महिने थांबा आणि प्रत्येकाला फोन करून तीन गोष्टी विचारा. कोर्समध्ये भेटलेल्या दुसऱ्या खात्याच्या माणसाला तुम्ही कामासाठी फोन केला का, कधी, कशासाठी? जिल्ह्याच्या बजेटमध्ये किंवा वार्षिक आराखड्यात एखादी ओळ बदलली का? आणि आधी करत होतात असं काय बंद केलंत? तिसऱ्या प्रश्नाला लोक जरा अडखळतात, पण खरी माहिती तिथेच निघते.

तुमच्या देशातलंच उदाहरण घ्या ना, नारिंगी रताळं. अ जीवनसत्त्व भरपूर, युगांडात आणि मोझांबिकमध्ये यावर इतकं काम झालं की २०१६ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळालेल्या चौघांपैकी तिघं या रताळ्यावरच काम करणारे होते. पण ते काम नुसत्या वाणावर नाही चाललं. रताळ्याचा वेल लावायचा असतो, तो वेल कोरड्या मोसमात वाळतो, मग पाऊस आला की लावायला वेल देणारं कोणीतरी जवळपास लागतं, पोरांना ते भरवायला आईला सांगणारी पोषण कार्यकर्ती लागते, आणि पांढऱ्या रताळ्याची सवय असलेल्या बाजारात नारिंगी विकायला कोणीतरी उभं राहावं लागतं. म्हणजे तुमच्या कोर्समधल्या शेती अधिकाऱ्याने वेल कोणाकडे मिळतील त्याची यादी तुमच्या पोषणवालीला पाठवली का, हे विचारा. पाठवली असेल तर तो आकडा रिपोर्टमध्ये मार्कांच्या वर घाला. "आठ जिल्ह्यांपैकी तीन" असं छोटं निघालं तरी घाला, लाजू नका, टक्क्यांचा मोठा आकडा वाचून वरच्यांना काही कळत नाही.

प्रश्न: ताई, आमचा प्रोजेक्ट अमेरिकेच्या पैशावर होता, तो बंद झाला. ते समजू शकते, पण आम्ही लोकांना ज्या वेबसाइटवर कोर्स करायला लावत होतो तीच आता उघडत नाही, मॉड्यूल, व्हिडिओ, लोकांची सर्टिफिकेट, सगळं गेलं. आता ट्रेनिंग घेतलेले लोक मला विचारतायत. काय सांगू?

उत्तर: तुमच्यासारखी बरीच पत्रं आहेत. २०२५ च्या सुरुवातीपासून अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेचे, यूएसएडचे, कार्यक्रम धडाधड बंद झाले आणि १ जुलै २०२५ ला ती संस्था म्हणून उरलीच नाही, शेतीतल्या त्यांच्या फीड द फ्यूचरचीही तीच गत. तुमच्यावर कोणी खापर फोडत असेल तर मनावर घेऊ नका.

लोकांना आधी खरं सांगा, की साइट परत येण्याची वाट बघू नका. मग ज्यांच्या ज्यांच्या लॅपटॉपवर पीडीएफ, स्लाइड, व्हिडिओ पडलेत त्यांना ते एका ड्राइव्हवर टाकायला सांगा, एक आठवड्याची मुदत द्या, लोकांकडे आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा जास्त सापडतं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांचा साठा) जुना पत्ता टाकून बघा, व्हिडिओ सहसा मिळत नाहीत पण मजकुराची पानं बरीचशी निघतात. सर्टिफिकेटच्या जागी तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर, कोणी कधी काय पूर्ण केलं याचं साधं पत्र द्या, हजेरीच्या शीट तुमच्याकडे असतीलच. मजकूर पुन्हा वापरायच्या आधी परवाना बघा, क्रिएटिव्ह कॉमन्स (अटींवर फुकट वापरायची मुभा) असेल तर त्याच्या अटी पाळल्या की झालं, नसेल तर ज्या विद्यापीठाने तो लिहिला त्यांना विचारा, आता त्यांनाही कोणी विचारलेलं बरं वाटेल.

आणि जमवलेलं सगळं परत एखाद्या प्रोजेक्टच्या साइटवर ठेवू नका. त्या देशातल्या एखाद्या कृषी विद्यापीठाला किंवा सरकारी विस्तार प्रशिक्षण केंद्राला द्या, त्यांच्या सर्व्हरवर नाहीतर निदान पेनड्राइव्हवर, दोन प्रती. व्हॉट्सअॅप ग्रुप अजून चालू असेल तर ॲडमिन तुम्ही एकट्याच असाल, हे मी न बघता सांगते. तिथल्याच दोघांना ॲडमिन करा, त्यातली एक बाई असू दे आणि दोघं वेगवेगळ्या खात्यातले असू देत, तुम्ही दुसऱ्या नोकरीला लागायच्या आधीच.